पळसबोडीचं वकीलपत्र

लक्ष्मीनगर, दिल्ली
१८ जुलै २००४

पत्रूभाऊ,

सादर नमस्कार.

मी पोचले. हे तुम्हाला कळवावं की नाही, याचा विचार बल्लारशाला गाडीत बसल्यापासून आग्र्यापर्यंत करत होते. तुम्ही शेवटचं बोललात ते अजून कानात आहे. "जातं त जाय. पन मंग मडावी वकिलाची ज्युनिअर म्हणून कोनाले सांगू नको." सहा वर्षं ज्यांच्या टेबलाशेजारी बसून वकिली शिकले, त्यांचं नाव सांगायचं नाही तर काय सांगायचं, हे मात्र तुम्ही सांगितलं नाही.

तुमच्या घरच्या धुरपताबाई दाराआड उभ्या होत्या. त्यांनी पिशवीत तांदूळ आणि झिंग्यांची सुकट घातली, ती इथे पोचली. खोलीत वास सुटलाय. शेजारची सरदारीण नाक मुरडते. मी खुशाल आहे.

भाऊ, मागच्या वर्षीचा तो दिवस आपण दोघांनी एकाच जागी उभं राहून पाहिला आणि दोघांनी त्याचे दोन अर्थ काढले. आपला पक्षकार चैतू, त्याच्या जमिनीचा अर्ज घेऊन आपण सुप्रीम कोर्टाच्या खिडकीशी उभे होतो. तुम्ही काळा कोट इस्त्री करून आणला होता. खिडकीतला माणूस म्हणाला, "एओआर कौन है?" तुम्ही म्हणालात, "मैं वकील हूँ. चालीस साल से." तो म्हणाला, "वो तो ठीक है. एओआर कौन है?" त्याच्या आवाजात अपमान नव्हता, कंटाळा होता. मला तो जास्त लागला.

त्या कोर्टात बोलायला कुठलाही वकील उभा राहू शकतो. पण अर्ज दाखल करायचा, वकीलपत्रावर सही करायची, तर त्या कोर्टाची स्वतःची परीक्षा पास होऊन त्यांच्या पटावर नाव लागावं लागतं. ॲडव्होकेट-ऑन-रेकॉर्ड. गडचिरोली सोडा, पार नागपूरपर्यंत विचारलं तरी आपल्या ओळखीत तसं कोणी निघालं नाही. घाईघाईत दिल्लीतला एक गाठला. अर्जातल्या चुका दुरुस्त करा म्हणून कोर्टाने त्याला कळवलं आणि त्याने त्या केल्या नाहीत. अर्ज न वाचताच निकालात निघाला.

चैतू तुमच्या ओसरीवर बसून विचारत होता, "साहेबानं मले नाई म्हटलं का?" तुम्ही म्हणालात, "नाई रे. साहेबानं तुहं आयकलंच नाई." चैतूची जमीन गेली ती गेलीच.

तुम्ही त्या दिवशी ठरवलं, दिल्ली आपल्यासाठी नाही. मी ठरवलं, आपल्यातल्या कोणाचं तरी नाव त्या पटावर पाहिजे.

तुमच्या पोटचे सूरजभाऊ मुंबईला गेले ते परतले नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण मी मुंबईला गेलेली नाही, भाऊ. मी तुमच्याच कामाला आले आहे.

आपली,
साधना


दिल्ली
९ फेब्रुवारी २००५

पत्रूभाऊ,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पण बाई फोनवर म्हणाल्या की माझी पत्रं तुम्ही कोटाच्या आतल्या खिशात घालून कोर्टात नेता. मी म्हटलं, नेऊ द्या.

परीक्षेला बसण्याआधी एक वर्ष कोणातरी जुन्या एओआरच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते. मला सेठी मॅडम मिळाल्या. साठीच्या आहेत, आवाज चढवत नाहीत, पण त्यांच्यापुढे कागद ठेवण्याआधी मी तो तीनदा तपासते. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "कहाँ से?" मी म्हटलं, गडचिरोली. "किसके पास थी?" मी तुमचं नाव सांगितलं. तुमची मनाई मोडली, काय करायचं ते करा.

माझं काम म्हणजे मॅडमच्या अर्जांचे गठ्ठे बांधणं, पानांवर नंबर घालणं, खिडकीवर जाणं, आणि काय काय चुकलं याची यादी घेऊन परत येणं. समासाची जागा कमी, भाषांतरावर सही नाही, पान अस्पष्ट. चैतूचा अर्ज असल्याच कशाने तरी गेला होता. आता मी मॅडमचा एकही अर्ज तसा जाऊ देत नाही. खिडकीतला तो माणूस मला ओळखतो. "आ गई गडचिरोली," म्हणतो.

तब्येत चांगली आहे. बाईंना कोणी कावीळ वगैरे सांगितलं असेल तर ते जुनं झालं. डोळे आता पांढरे आहेत.

साधना


दिल्ली
२१ ऑक्टोबर २००५

पत्रूभाऊ,

तुमच्या बाररूममध्ये बातमी माझ्या पत्राआधी पोचली असेल. मी नापास झाले.

चारपैकी तीन पेपरांत पास. कोर्टाची कार्यपद्धती, वकिलाची नीती आणि हिशेब, महत्त्वाचे निकाल, सगळं निघालं. मसुद्याच्या पेपरात गेले. अर्ज लिहायचा होता, इंग्रजीत. मॅडमनी माझे सरावाचे मसुदे काढून पाहिले आणि विचारलं, "ये क्या है? जज साहब को रुलाना है या समझाना है?" मी पानंच्या पानं अन्याय, दारिद्र्य, वनवासी, असले शब्द भरले होते. काय झालं ते कुठेच नव्हतं.

त्या एकाच पेपरला पुढच्या वर्षी पुन्हा बसता येतं. तेवढी मुभा आहे.

दिल्लीत आता हवा छान आहे.

दुसरं काही लिहायला सुचत नाही. आईला अजून कळवलेलं नाही. ती गुजरीत मासोळ्यांची टोपली घेऊन बसते तिथे बाई भाजीला जातात, तर बाईंनी तिच्यापाशी काही बोलू नये एवढं सांगा. नाहीतर राहू द्या. बाईंना मीच फोन करीन.

साधना


दिल्ली
२ नोव्हेंबर २००६

पत्रूभाऊ,

पास झाले! पास झाले! पास झाले!

तीनदा लिहिलं, कारण यादीसमोर उभी राहून मी माझं नाव तितक्यांदा तरी वाचलं. मग मागे ढकलणाऱ्या एका पोराने विचारलं, "मैडम, हो गया ना? हटिए." मी त्याला मिठी मारायचंच बाकी होतं.

कशी पास झाले ते सांगते. मागचं पूर्ण वर्ष मी मसुदे लिहीत होते आणि मॅडम ते परत करत होत्या. एका रविवारी भात शिजत घातला आणि एकदम तुमच्या घरचं स्वयंपाकघर आठवलं. तुम्ही नव्या केसचे कागद माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "जाय, बाईले सांग." मी पाटावर बसून सांगायची. बाई भाजी निवडत ऐकायच्या. "मंग काय झालं? त्यानं काऊन असं केलं?" आणि बाईंनी मध्येच "कोन व हा?" विचारलं, की तुम्ही बाहेरच्या खोलीतून ओरडायचे, "परत पयल्यापासून!" मला तेव्हा वाटायचं, वकीलसाहेब आमची थट्टा करतात.

त्या दिवसापासून प्रत्येक मसुदा मी आधी मोठ्याने बाईंना सांगितला. म्हणजे भिंतीला. आपल्या बोलीत. कोण माणूस, त्याचं काय होतं, कोणी नेलं, त्याने काय केलं, आता काय पाहिजे. मग तेच इंग्रजीत उतरवलं. मॅडमनी पहिला तसा मसुदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "ये किसने सिखाया?" मी पुन्हा तुमचं नाव सांगितलं. आता तुम्ही किती वेळा मनाई करणार?

अजून थोडं बाकी आहे. कोर्टापासून सोळा किलोमीटरच्या आत ऑफिस पाहिजे. मॅडमच्या मजल्यावरची एक खोली घेतली. एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकीबाहेर निंबाचं झाड. नोंदणी केलेला कारकून ठेवावा लागतो, तोही ठरला. महिन्याभरात माझं नाव पटावर चढेल.

आईला फोन केला. ती म्हणाली, "मंग तू मोठी वकील झाली का?" मी म्हटलं, "मोठी नाही गं. पण आता आपल्या माणसाला खिडकीवरून कोणी परत पाठवणार नाही." मग तिने गुजरीतल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात ते वाक्य परत म्हटलं.

तुम्ही एक ओळ लिहा, भाऊ. शिवी लिहिली तरी चालेल.

साधना


दिल्ली
२७ फेब्रुवारी २००७

पत्रूभाऊ,

आज पार्सल आलं. पत्त्यावरचं अक्षर लांबूनच ओळखलं. फोडून सगळे कागद झटकले, दोनदा. तुमची चिठ्ठी नव्हती. फक्त केस होती. ठीक आहे. तुम्ही केस पाठवलीत.

कागद पूर्ण वाचले. बरोबर समजलं का ते तुम्हालाच सांगते, पहिल्यापासून.

पळसबोडीचा तलाव. गावातली ढिवर माणसं पिढ्यानपिढ्या त्यात जाळं टाकतात. त्यांची मच्छीमार संस्था आहे, गोकुळाबाई नान्हे अध्यक्ष. तलावाचा पट्टा संस्थेकडे होता आणि अजून तीन वर्षं राहिली होती. पट्टा देणारा सरकारी साहेब बदलला. त्याने मध्येच पट्टा रद्द केला आणि तलाव लिलावात काढला. बाहेरच्या ठेकेदाराने घेतला. त्याची माणसं काठावर काठ्या घेऊन बसली. कडेला पाण्यात उतरून झिंगे धरणाऱ्या बायकांनाही हाकललं, त्यांची जाळी फाडली. तुम्ही नागपूरला हायकोर्टात भांडलात. जानेवारीत हरलात.

गोकुळाबाईंशी फोनवर बोलले. तुम्ही कागद पाठवायला तयार नव्हता म्हणे. गोकुळाबाई म्हणाल्या, "मी त्याईले म्हटलं, वकीलसाहेब, तुमचा रुसवा तुमच्या घरी ठेवा. माह्या तलावात दुसऱ्याचे जाळे पडून राह्यले." मला ही बाई फार आवडली.

भाऊ, मीही ढिवराची पोर. आमचं जाळं वैनगंगेत पडायचं. पाण्यावरून हाकलणं म्हणजे काय, ते मला कोणी सांगायला नको. पण अर्जात मी हे लिहिणार नाही. अर्जात काय झालं एवढंच लिहीन.

एकच प्रश्न आहे. पट्टा रद्द करण्याआधी साहेबाने संस्थेला बोलावलं होतं का? नोटीस, निरोप, तोंडी काही? कागदांत मला कुठेच दिसत नाही. पण दिसत नाही म्हणजे नव्हतंच असं धरून मी अर्जावर सही करणार नाही. तुम्ही मला तसं शिकवलेलं नाही. उत्तर द्या. मला नाही तरी चालेल, पळसबोडीला द्या.

साधना


दिल्ली
११ मे २००७

पत्रूभाऊ,

तुमचं उत्तर बाईंनी फोनवर दिलं. "नाई म्हणते. एक शब्द नाई, असं सांग म्हणते." आणि मागून तुमचा आवाज आला, "गावभर इचारून आलो म्हणा!" या वयात, त्या उन्हात, तुम्ही पळसबोडीला घरोघर फिरलात, हे मला गोकुळाबाईंकडून नंतर कळलं.

त्या एका शब्दावर आख्खा अर्ज उभा केला. खिडकीवर दिला. त्या माणसाने वकीलपत्र उलटून सही पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "एओआर कौन है" असं विचारलं नाही. शिक्का मारला. चुकांची यादी निघाली नाही. एकही नाही, भाऊ.

आता कालचं.

गोकुळाबाई आल्या होत्या. हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पास काढून त्यांना मागच्या बाकावर बसवलं. समोर ठेकेदाराकडून मोठा वकील, पांढरे केस, ज्याचं नाव पेपरात येतं तसला. त्याच्या मागे पाच ज्युनिअर. माझ्या मागे कोणी नव्हतं. मॅडमना मी विचारलं होतं, कोणी मोठा वकील उभा करू का. त्या म्हणाल्या, "ही केस तुझ्या इतकी कोणाला माहीत आहे? तूच चालव."

पुकारा झाला. मी उभी राहिले. मधल्या न्यायमूर्तींनी माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, "तुमचे सीनियर कुठे आहेत?"

मी म्हटलं, "माझे सीनियर गडचिरोलीला आहेत, माय लॉर्ड. केस मी चालवणार आहे."

ते हसले. चेष्टेने नाही. म्हणाले, "चालवा."

मी बाईंना सांगते तसं सांगितलं. कोण माणसं, त्यांचं काय होतं, कोणी काढून घेतलं. पानाकडे बघावंही लागलं नाही. समोरचा मोठा वकील उठला. "त्यांना लिलावात भाग घ्यायला कोणी अडवलेलं नाही," म्हणाला. न्यायमूर्तींनी त्याला थांबवलं आणि मला विचारलं, "पट्टा काढून घेण्याआधी या लोकांना कोणी काही विचारलं होतं का?"

"एक शब्दही नाही, माय लॉर्ड."

त्यांनी समोर पाहिलं. "हे खरं आहे का?" मोठ्या वकिलाने मागे वळून पाहिलं. पाची ज्युनिअर कागद चाळायला लागले. चाळतच राहिले.

स्थगिती मिळाली! लिलावाला स्थगिती. अंतिम निकाल लागेपर्यंत तलाव संस्थेकडे, ठेकेदाराच्या माणसांनी काठावर यायचं नाही.

बाहेर आल्यावर गोकुळाबाईंनी माझा हात धरला.

"पोरी, तो मधातला बुढा काय म्हणे? जितलो का आपण?"

"अर्धं जिंकलो, बाई."

"अर्ध्यात मासे येते ना जाळ्यात?"

"येतात."

"मंग जितलो," म्हणाल्या, आणि तिथेच, त्या एवढ्या मोठ्या खांबांपुढे, पोलिसाच्या देखत, त्यांनी माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

काल दिवसभर सारखं हसू येत होतं.

साधना


दिल्ली
२२ ऑक्टोबर २००८

पत्रूभाऊ,

फोनवर सांगितलंच आहे, तरी लिहून देते. लिहिलेलं पक्कं असतं.

अपील मंजूर. पट्टा रद्द करण्याचा हुकूम रद्द. लिलाव रद्द. नागपूरचा निकाल बाजूला. तलाव पळसबोडीच्या संस्थेचा, आणि लिलावात गेलेला काळ पट्ट्याच्या मुदतीत जोडून द्यायचा. निकालात एक वाक्य आहे, ते मराठीत करून पाठवते: ज्यांचं पोट त्या पाण्यावर आहे, त्यांचं ऐकून घेतल्याशिवाय ते पाणी त्यांच्याकडून काढून घेता येणार नाही.

हे आता फक्त पळसबोडीपुरतं राहिलं नाही. कुठल्याही गावाला हे वाक्य घेऊन कोर्टात उभं राहता येईल.

सही-शिक्क्याची प्रत रजिस्टरने पाठवते आहे. ती तुमच्या हाताने गोकुळाबाईंना द्या.

दिवाळीचा नमस्कार. बाईंना वेगळा.

साधना


गडचिरोली
१९ नोव्हेंबर २००८

साधना,

तुही सगळी पत्रं भेटली. उत्तर देल्लं नाई, ते तुले ठाऊक आहे. काऊन देल्लं नाई, तेबी ठाऊक आहे. त्याच्यावर कागद खराब करत नाई. मी चुकीचं बोललो होतो, येवढं लिवतो अन् पुढं जातो.

परवा निकालाची प्रत घेऊन पळसबोडीले गेलो. धुरपताबी संगं आली, ऐकेच ना. तलावाच्या पाळीवर सारं गाव जमा झालं होतं. मी म्हटलं, बाप्पा, मी मराठीत सांगतो. त गोकुळाबाई म्हणे, "नाई साहेब, पयले जसं लिवलं तसं वाचा. आमाले समजो का नको समजो." मंग मी इंग्रजीत वाचलं. सारा निकाल. उभ्यानं. पोरं त सोड, कुत्रंबी भुकलं नाई. मंग मराठीत सांगतलं. ते पाण्याचं वाक्य आलं तवा एका बुढ्यानं टोपी काढली.

वाचून झालं त गोकुळाबाई इचारते, "अन् खाली नाव कोनाचं आहे?" मी वाचलं. साधना पचारे, ॲडव्होकेट-ऑन-रेकॉर्ड. ते म्हणे, "जोरानं." मी जोरानं वाचलं. पलीकडच्या काठावर आयकू गेलं असन. तुही माय गुजरीतून सुट्टी घेऊन आल्ती, ते पदर तोंडावर घेऊन रडत होती अन् हासत होती.

मंग जाळं टाकलं. धानाले पाणी देऊन तलाव उतरला आहे आता. आठ-दहा जन वढत होते. रोहू इतके आले का जाळं पाण्याबाहेर निघेना. मले राह्यवलं नाई. धोतर खोचलं अन् उतरलो. धुरपता काठावरून बोंबलते, "अहो, पडान ना!" चाळीस-पंचेचाळीस वर्सं कोर्टात गेली, साधना, पन जितलेली केस हाताले अशी ओली लागली नव्हती कधी. येक मरळ तुह्यासाठी म्हणून गोकुळाबाईनं वाळवाले टाकली आहे. थे दिल्लीले पाठवाची कशी, याच्यावर गावात दोन मतं आहेत.

काल बाररूममध्ये गेलो. तू नापास झाली तवा हासनारे वकील उठून उभे राह्यले. पांडे वकिलानं इचारलं, "मडावी साहेब, ते पोरगी तुमची ज्युनिअर होती न?" मी म्हटलं, "होती काय? आहे."

सूरज यंदाबी दिवाळीले आला नाई. फोन केला होता. धुरपतानं तुह्या निकालाची गोष्ट त्याले सांगतली, पयल्यापासून. तो मधात "कोन?" म्हणून इचारे, त हे परत पयल्यापासून सांगे. मी गंमत पाहात होतो.

आता कामाचं. एटापल्लीकडच्या तीन गावाइचा बांबूचा तंटा आहे. हायकोर्टात गेल्या महिन्यात हरलो. मी चांगला भांडलो होतो, तरी हरलो. मुदत जाची आहे, बसून राह्यता येत नाई. गावाइले मी सांगतलं, दिल्लीत आपला वकील आहे. त्याइनं इचारलं, आपला म्हणजे कोन? मी म्हटलं, या, कागद वाचून दाखवतो.

तिन्ही गावाइचे कागद याच्यासंगं लावले आहेत. वकीलपत्रावर सह्या अन् अंगठे घेतले, साक्षीदार मी आहे. वकिलाची जागा कोरी सोडली आहे. तिथी तुही सही कर.

पत्रू मडावी, वकील